नागपुरात बसून इंग्लंडातला जोडेवाला पूर्वज कसा शोधायचा

अजनीला आमच्या शेजारी एक आंटी राहतात, अँग्लो-इंडियन, तीन पिढ्या रेल्वेत गेलेलं घर. मागच्या मे महिन्यात कूलरसमोर बसून म्हणाल्या, बेटा तू भाचीच्या व्हॅलिडिटीसाठी सतराशे साठ कागद काढले ना, मग आता माझा इंग्लंडवाला माणूस शोधून दे. घरात एवढंच माहीत होतं की कोणीतरी सोल्जर म्हणून कामठीला आला अन् त्याचा बाप तिकडे काहीतरी धंदा करायचा. मी हो म्हणून बसलो. आता वर्ष होत आलं, बराचसा रस्ता सापडला, बऱ्याच ठिकाणी तोंडावर पडलो, तर म्हटलं लिहून टाकावं, कारण सदर, अजनी, मोहन नगर, कामठी इकडे अशी घरं अजून आहेत अन् त्यांना कोणी सांगत नाही की सुरुवात कुठून करायची.

घाबरायचं कारण नाही. विदर्भात ज्यानं जात पडताळणीसाठी कोतवाल बुकाची नक्कल काढली आहे, पणजोबाच्या शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर शोधलं आहे, त्याला हे काम अर्धं येतंच. पद्धत तीच आहे. आपल्यापासून सुरू करायचं, एकेक पिढी मागे जायचं, प्रत्येक पायरीला कागद हातात पाहिजे, अन् मधली पिढी गाळून उडी मारायची नाही. आडनाव टाकून थेट इंग्लंडात घुसलं की संपलंच, त्या नावाची दोनशे माणसं निघतात अन् त्यातला आपल्याला आवडतो तो आपण पूर्वज करून टाकतो. अन् स्मिथ, टेलर, कूपर ही धंद्याची आडनावं आहेत खरी, पण ती शेकडो वर्षांपूर्वी चिकटलेली, आपल्याकडे पाटील आडनावाचा माणूस बँकेत कॅशियर असतो तसंच ते.

तर आधी भारतातलं टोक. बाप्तिस्मा, लग्न, दफन, या नोंदींच्या नकला इथली चर्चं वरती पाठवायची अन् त्या प्रेसिडेन्सीवार लंडनला जायच्या, आज त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत, एन-१ बंगाल, एन-२ मद्रास, एन-३ मुंबई. नागपूर म्हणून मी आधी मुंबई पाहिली, मग बंगाल, दोन आठवडे गेले अन् हाती भोपळा. मग लक्षात आलं की कामठीची छावणी १८२१ ची, नागपूर खालसा व्हायच्या कितीतरी आधीची, अन् तिथली फौज मद्रासची. मद्रासच्या रजिस्टरात पाहिलं तर पहिल्याच संध्याकाळी आंटींच्या पणजोबांचा बाप्तिस्मा सापडला, कामठी, १८५८, बापाचं नाव, हुद्दा प्रायव्हेट, पलटणीचा नंबर. शोध फिबिस नावाच्या संस्थेच्या साइटवर फुकट होतो, फॅमिलीसर्चवरही अनुक्रमणिका फुकट आहे, मूळ पानाचा फोटो पाहायचा असेल तर फाइंडमायपास्टला पैसे द्यावे लागतात. एक महिन्याचं घ्या, आधी सगळी नावं काढून ठेवा अन् मग एका दमात पाहून टाका.

पलटणीचा नंबर मिळाला की अर्धी लढाई जिंकली. लंडनला क्यू इथे नॅशनल आर्काइव्हज आहे, तिथे डब्ल्यूओ ९७ या मालिकेत पेन्शनवर सुटलेल्या सोल्जरांचे डिस्चार्जचे कागद आहेत, अन् त्या कागदावर जन्माची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव, अन् भरती व्हायच्या आधीचा धंदा लिहिलेला असतो. आमच्या माणसाच्या कागदावर नॉर्थॅम्प्टनशायरचं एक गाव निघालं अन् धंदा शूमेकर. गावाचं अन् माणसाचं नाव इथे देत नाही, आंटींनी तेवढं सांगितलंय. तिथून पुढचं सगळं इंग्लंडातलं.

इंग्लंडात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे. त्याच्या अलीकडचा माणूस असेल तर सोपं, लग्नाच्या दाखल्यावर नवरा-नवरी दोघांच्या बापाचं नाव अन् बापाचा धंदा येतो, फ्रीबीएमडी नावाच्या साइटवर अनुक्रमणिका फुकट पाहता येते. जनगणना १८४१ पासून दर दहा वर्षांनी वापरता येते, पण १८४१ ची थोडी दगाबाज आहे, पंधराच्या वरच्यांचं वय पाचच्या पटीत खाली ओढून लिहिलं आहे अन् जन्मगाव नाहीच, फक्त त्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जन्म झाला की नाही तेवढं. नेमकं जन्मगाव १८५१ पासून. आमच्या सोल्जरचा बाप, तोही जोडेवाला, १८४९ ला गेला. दोन वर्षं अजून काढली असती बुवानं तर माझे चार महिने वाचले असते.

त्याच्या मागे गेलं की चर्चची पॅरिश रजिस्टरं. ती १५३८ पासून ठेवायचा हुकूम होता पण सगळीकडे तेवढी जुनी टिकलेली नाहीत. धंदेवाल्या पूर्वजासाठी महत्त्वाचं वर्ष १८१३, त्या वर्षापासून बाप्तिस्म्याचा छापील फॉर्म आला अन् त्यात बापाचा धंदा लिहायचा रकाना आला. त्याआधी धंदा लिहायचा की नाही हे पाद्र्याच्या मर्जीवर.

आता मृत्युपत्रांकडे येतो, खरी मजा तिथेच आहे.

१२ जानेवारी १८५८ ही तारीख पाठ करून ठेवा. त्या दिवसापासून इंग्लंडात मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे कोर्टाकडून ते खरं ठरवून घेणं, सरकारी झालं अन् सगळ्या देशाची एकच वर्षवार यादी निघू लागली, ती ऑनलाइन आहे अन् नक्कल थेट सरकारी साइटवरून मागवता येते. त्याच्या आधी हे काम चर्चच्या कोर्टांचं होतं, अन् ती कोर्टं एकावर एक होती. आपल्या भाषेत सांगायचं तर तहसील, जिल्हा अन् हायकोर्ट. खाली आर्चडीकनचं कोर्ट, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या पाद्र्याचं, त्यावर बिशपचं, त्यावर आर्चबिशपचं, म्हणजे दक्षिणेला कँटरबरी अन् उत्तरेला यॉर्क. एकाच बिशपच्या हद्दीत मालमत्ता असली की खालचं कोर्ट चालायचं, दोन बिशपांच्या हद्दीत पाच पौंडांच्या वर काही असलं की आर्चबिशपकडे जावं लागायचं. मध्ये मध्ये छोटी स्वतंत्र कोर्टंही होती ज्यांना पिक्युलियर म्हणत, एखादं गाव कोणत्याच हिशेबात बसत नसेल तर तिथे पाहा.

कँटरबरीची मृत्युपत्रं नॅशनल आर्काइव्हजच्या प्रॉब ११ मालिकेत आहेत, १३८४ ते १८५८, अन् त्यांच्या कॅटलॉगमध्ये नावासोबत धंदा अन् गावही टाकलेलं आहे, म्हणजे नाव माहीत नसलं तरी नुसता धंदा अन् गाव टाकून शोधता येतं. यॉर्कची बॉर्थविक इन्स्टिट्यूटकडे. गरीब जोडेवाला कँटरबरीला कशाला जाईल असं वाटेल, पण एकोणिसाव्या शतकात बँक ऑफ इंग्लंडमधल्या सरकारी रोख्यांसाठी कँटरबरीचंच प्रोबेट लागायचं, त्यामुळे थोडीफार बचत असलेले दुकानदारही तिथे सापडतात. आमचा मात्र खालच्याच कोर्टात होता, नॉर्थॅम्प्टनच्या आर्चडीकनच्या, अन् असली मृत्युपत्रं बहुतेक त्या त्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात.

तिथूनच माझी फजिती सुरू झाली. यादीत त्याच्या नावापुढे शूमेकर नव्हतं, कॉर्डवेनर होतं. कॉर्ड म्हणजे दोरी, मी आंटींना फोन करून सांगून टाकलं की तुमचे पूर्वज दोरखंड वळायचे. त्यांनी नातवंडांना सांगितलं, मी दोरखंडांच्या कारखान्यांवर तीन आठवडे वाचत बसलो. कॉर्डवेनर म्हणजे जोडे बनवणारा, स्पेनच्या कॉर्डोबा शहरातल्या चामड्यावरून पडलेलं नाव! तेव्हापासून धंद्याचा शब्द डिक्शनरीत पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. व्हाइटस्मिथ हा पत्र्याचं काम करणारा, चांडलर मेणबत्त्या करणारा, फेलमाँगर कातड्यांचा व्यापारी, वेबस्टर विणकर, फुलर अन् वॉकर अन् टकर हे तिघंही कापड तुडवून घट्ट करणारे, फक्त भाग वेगळा की शब्द वेगळा. अन् करियर दोन आहेत, एक चामडं कमावल्यावर मऊ करणारा, दुसरा गाडीवर माल वाहणारा, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक अन् तेव्हाच्या लेखनिकाला त्याची काही पडलेली नव्हती.

मृत्युपत्र हाती आलं की आधी मालमत्ता पाहू नका, माणसं पाहा. एका कोऱ्या कागदावर त्यातली सगळी नावं काढा, कोणाला काय दिलं, एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा कोण, साक्षीदार कोण, कोणाच्या घराला लागून कोणाचं घर. आमच्या माणसानं घर बायकोला दिलं ती जिवंत असेपर्यंत, पोरीला पिसांची गादी अन् पलंग, हत्यारं अन् लास्ट धाकट्या मुलाला. लास्ट म्हणजे काय ते मला कळेना, इतवारीत एक जुना जोडे बनवणारा आहे त्याच्याकडे गेलो, त्यानं काही न बोलता पायाच्या आकाराचा लाकडी फर्मा माझ्या हातात ठेवला. घासून घासून काचेसारखा झालेला, टाचेला आजोबांनी कोरलेला नंबर. म्हणाला हे गेलं की दुकान गेलं, बाकी रापी-आरी बाजारात मिळते. म्हणजे ज्याला लास्ट दिले त्याला धंदा दिला. अन् मोठ्या मुलाबद्दल एवढंच होतं की तो सोल्जर होऊन ईस्ट इंडीजला गेला आहे, जिवंत असून परत आला तर त्याला पाच पौंड. आंटींना हे वाचून दाखवलं तेव्हा त्या उठून आत गेल्या अन् बराच वेळ आल्या नाहीत.

एक्झिक्युटर होता त्याचा मेहुणा, शेजारच्या गावातला करियर, चामडंवाला. त्याच्या आडनावावरून बायकोचं माहेर लागलं, माहेरावरून लग्नाची नोंद, अन् लग्नाच्या नोंदीवरून हा जोडेवाला त्या गावचा नव्हताच हे कळलं.

नात्यांच्या शब्दांवर मात्र विश्वास ठेवू नका. आपल्याकडे काका, मामा, आत्या, मावशी, चुलत, आते, मामे, सगळं चोख. इंग्रजीत तेव्हा कझिन म्हटलं की पुतण्याही असू शकतो अन् लांबचा कोणीही, फादर-इन-लॉ म्हणजे कधी सासरा तर कधी सावत्र बाप. माय नाऊ वाइफ असं लिहिलेलं दिसलं की लोक लगेच पहिली बायको शोधायला निघतात, तो वकिली शब्द आहे, पहिली असेलच असं नाही. कोणा मुलाला नुसता एक शिलिंग दिला असेल तर तो नावडता होता असंही धरू नका, बहुतेकदा त्याला आधीच वाटा देऊन दुकान टाकून दिलेलं असतं. कधी मोठा मुलगा मृत्युपत्रात दिसतच नाही, तेही पुष्कळदा याच कारणानं.

लग्न झालेल्या बाईचं मृत्युपत्र १८८२ च्या कायद्याआधी जवळजवळ मिळत नाही, कारण नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला करताच यायचं नाही. पण विधवा अन् न लग्न झालेल्या आत्या-मावश्या यांची मृत्युपत्रं म्हणजे सोनं. स्वतःची पोरं नाहीत, मग अकरा भाचे-पुतणे नावानिशी, भाच्या कोणत्या घरी दिल्या त्यासकट, कोणाला चमचा कोणाला शाल. घरातल्या अशा बाया आधी शोधा, बापाचं मृत्युपत्र नंतर पाहा.

अजून मागे गेलात, साधारण १७५० च्या आधी, तर मृत्युपत्रासोबत घरातल्या सामानाची यादी मिळू शकते, इन्व्हेंटरी. दोन-चार शेजारी घरात शिरून खोलीखोलीनं सगळं मोजून किंमत लावायचे, अन् मोजणारे पुष्कळदा त्याच धंद्यातले असायचे, त्यांचीही नावं लिहून ठेवा. त्याच भागातल्या दुसऱ्या एका जोडेवाल्याची यादी मी पाहिली, दुकानात तयार जोडे किती, चामडं किती, कामाची बैठक, मग स्वयंपाकघरातली पितळी भांडी, डुकरं, अन् शेवटी उधारी. उधारीचे दोन भाग, वसूल होणारी अन् बुडीत. बुडीतचा आकडा मोठा होता. दुकानदार तो दुकानदारच, नॉर्थॅम्प्टन काय अन् महाल काय.

वाचायला त्रास होतो हे खरं. १७३३ पर्यंत प्रोबेटची टिपण लॅटिनमध्ये असते, मृत्युपत्र स्वतः बहुतेक इंग्रजीतच असतं. जुन्या अक्षरात एस हा एफसारखा दिसतो, आपण मोडी वाचायला शिकतो तसंच आहे, आधी जे शब्द येणारच हे माहीत आहे ते शोधायचे, इन द नेम ऑफ गॉड आमेन, सिक इन बॉडी, आय गिव्ह, अन् त्यातून त्या लेखनिकाची अक्षरं लावून घ्यायची. पैशाचा हिशेब बारा पेन्स एक शिलिंग, वीस शिलिंग एक पौंड, आणे-पै पाहिलेल्या लोकांना हे लगेच जमतं.

तारखेत मात्र भले भले फसतात. १७५२ च्या आधी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणजे मृत्युपत्र डिसेंबर १७२० चं अन् प्रोबेट जानेवारी १७२० चं असं दिसलं तर माणूस मरायच्या आधी प्रोबेट झालं नाही, तो आपल्या हिशेबानं जानेवारी १७२१ आहे. आपण गुढीपाडव्याला वर्ष बदलणारी माणसं, आपल्याला तरी हे समजायला हवं, पण मी फसलोच. लिहिताना दोन्ही वर्षं लिहा, १७२०/२१ असं.

अन् मृत्युपत्र नसेलच तर? बहुतेक गरीब कारागिरांचं नसतंच, दोन खुर्च्या अन् हातोडीसाठी कोण कोर्टात जातो. मग इतरांच्या कागदात त्याला शोधायचं. मृत्युपत्र न करता गेला असेल तर ॲडमिनिस्ट्रेशनची, म्हणजे कोर्टानं मालमत्ता कोणाच्या हाती सोपवली त्याची नोंद पाहा. १७९६ ते १९०३ ची डेथ ड्यूटी, म्हणजे वारशावरच्या कराची रजिस्टरं पाहा, ही मालिका आयआर २६, १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात एक्सेटरला डेव्हन अन् सॉमरसेटची मृत्युपत्रं जळाली तेव्हापासून तिकडच्या लोकांना याच रजिस्टरांचा मोठा आधार आहे. दिवाळं निघालं असेल तर लंडन गॅझेट हे सरकारी राजपत्र, ते ऑनलाइन फुकट आहे. शहरातला असेल तर फ्रीमनच्या याद्या, लंडन, यॉर्क, नॉर्विच, ब्रिस्टल इथे कारागिराला धंदा करायचा तर फ्रीमन व्हावं लागायचं. एकोणिसाव्या शतकाला पिगॉट, केली, व्हाइट यांच्या डिरेक्टऱ्या, लेस्टर युनिव्हर्सिटीनं स्कॅन करून फुकट ठेवल्या आहेत, धंद्यानुसार दुकानदारांची नावं. कोणत्या वर्षीच्या डिरेक्टरीत तो आला अन् कोणत्या वर्षी बापाच्या जागी मुलगा आला हे पाहत गेलं की मरणाचं अंदाजे साल हाती लागतं. फक्त छोटा, घरात बसून काम करणारा माणूस यात येत नाही.

छोट्या माणसासाठी पॅरिशची पेटी. म्हणजे चर्चमध्ये ठेवलेले गावचे कागद, आता ते रेकॉर्ड ऑफिसात गेले. गरिबांसाठी खर्च करणारे ओव्हरसिअर असायचे त्यांच्या जमाखर्चात गावच्या कारागिरांची नावं भरलेली असतात, लोहाराला घंटेच्या दुरुस्तीचे, सुताराला शवपेटीचे. आमच्या जोडेवाल्याचा बाप मला तिथेच भेटला, गावच्या अनाथ पोरांना जोडे शिवून दिले त्याचे पैसे. आठ-दहा वर्षं दर हिवाळ्यात. त्याच पेटीत सेटलमेंटचे कागदही असतात, १६६२ च्या कायद्यानं परगावचा गरीब माणूस आला तर त्याचं मूळ गाव कोणतं हे विचारून लिहून घ्यायचे अन् नाही पटलं तर हाकलून द्यायचे. हाकललेल्या माणसाचं आयुष्य सगळ्यात जास्त तपशिलात लिहिलेलं सापडतं, हे वाईट आहे पण खरं आहे.

कामाच्या दोन गोष्टी. रेकॉर्ड ऑफिसला मेल लिहिताना कहाणी सांगू नका, नाव, धंदा, गाव, अंदाजे वर्ष, कोणतं कोर्ट, एवढंच चार ओळीत लिहा, फार नीट उत्तर देतात. फी प्रत्येकाची वेगळी अन् बदलत राहते, आधी विचारून घ्या, अन् कार्डवर इंटरनॅशनल पेमेंट चालू करून घ्या, माझं पेमेंट तीन वेळा फेल गेलं अन् माझ्या बँकेतले मला उद्या या, उद्या या करून राहिले होते.

आम्ही आता अडकलो आहोत १७८० वर. अॅप्रेंटिस, म्हणजे शागिर्द, ठेवण्याच्या करारावर १७१० पासून स्टॅम्प ड्यूटी होती, १८११ पर्यंतची त्याची रजिस्टरं आयआर १ मालिकेत आहेत, मालकाचं नाव, धंदा, गाव अन् पोराचं नाव. त्यात अनाथ पोरांना जोडे शिवणारा तो जोडेवाल्याचा बाप चौदा वर्षांचा असताना एका कॉर्डवेनरकडे सात वर्षांसाठी लागलेला सापडला. पण पोराच्या बापाचं नाव त्या रजिस्टरात साधारण १७५२ पर्यंतच लिहायचे, नंतर सोडून दिलं. नॉर्थॅम्प्टनशायरची १७७७ ची मिलिशिया, म्हणजे स्थानिक राखीव फौजेची यादी आहे, १८ ते ४५ वयाचे पुरुष गाववार, धंद्यासकट, तिच्यात त्या आडनावाची दोन माणसं निघाली, एक शूमेकर अन् एक मजूर. आंटींचं मत शूमेकर. मला मजूर वाटतो, कारण स्वतःच जोडेवाला असलेला बाप पोराला दुसऱ्या जोडेवाल्याकडे पैसे भरून कशाला ठेवेल. म्हणून आता मालकाच्या मृत्युपत्राची नक्कल मागवली आहे, त्यात जुन्या शागिर्दाचा अन् त्याच्या बापाचा काही उल्लेख निघतो का ते पाहायचं. रोज संध्याकाळी आंटी गेटपाशी उभ्या राहून विचारतात, मेल आला का.